तीन महिन्यांचा पाहुणा

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

आधी नमस्कार, मग बाकीचं. रागवायचं असेल तर शेवटचं पान वाचून झाल्यावर रागव.

सायकलचं दुकान सोडलं. मालक भला माणूस, पण दिवसभर दुसऱ्यांची चाकं फिरवायची आणि आपण मात्र तिथल्या तिथे, हे मला जमेना. तू म्हणतेसच, माझ्या पायाला भिंगरी आहे. तर भिंगरी बसस्टँडपर्यंत गेली, तिथे एक ट्रक बंद पडला होता, वर लाकडी पेटारे, आणि एका पेटाऱ्यातून सशाचा कान बाहेर आलेला. कागदाच्या लगद्याचा. मी क्लचची वायर बांधून दिली आणि कानाचं काय प्रकरण आहे ते विचारलं. ते विचारता विचारता ट्रक सुरू झाला आणि मी आतच.

ही नाटकमंडळी आहे. नऊ माणसं, चौदा मुखवटे. प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. नाटक तेच लिहितात, मुखवटे तेच करतात, आणि भांडणंही तेच लावतात. आम्ही सध्या एका बंद पडलेल्या थिएटरात उतरलोय. खुर्च्या उपटून नेल्यात, त्यांच्या पायांची भोकं तेवढी जमिनीत आहेत. मी त्या भोकांतून मुंग्या कुठे जातात ते बघत एक अख्खी सकाळ घालवली. असो.

नाटक प्राण्यांचं आहे, पण लहान मुलांचं नाही. माळावर बिळांत राहणारे ससे, उंदीर, घोरपड वगैरे. एक साप येतो. सगळे मिळून मुंगसाला बोलावतात. मुंगूस येतो, हात जोडतो, म्हणतो, ‘मी तर तीन महिन्यांचा पाहुणा.’ साप पहिल्याच अंकात मरतो. पण मुंगूस त्याची कात जपून ठेवतो आणि रोज सकाळी बिळाबिळातून दाखवत फिरतो: ‘बघा, ताजी आहे.’ सगळे म्हणतात, मग तुम्ही राहा. तो राहतो. शेवटच्या अंकात प्रत्येक बिळाच्या तोंडावर बाहेरून दगड लावायचा हक्कसुद्धा ते त्यालाच देऊन टाकतात. दगड लागतात. नाटक संपतं.

मुंगूस करणाऱ्याची पाठ धरली आणि मुखवटा मला बरोब्बर बसला. म्हणजे मी मुंगूस. मास्तर म्हणाले, हा मुंगूस त्यांनी तुमच्या शहरातल्या कुणा जुन्या रखवालदारावरून घेतलाय, शंभर वर्षांपूर्वीच्या. मी छाती फुगवून सांगितलं, आमची आत्या त्याच शहरात जुन्या कागदांच्या कचेरीत आहे, फाटलेले कागद जोडते. तर तो कसा बसायचा, कसा बोलायचा, सांग. मला नुसतं दुष्ट होता म्हणून चालत नाही. दुष्ट तर सगळेच करतात.

थिएटरच्या पत्त्यावर लिही. दीड महिना इथेच.

तुझा
भिंग्या


११ फेब्रुवारी

चि. भिंग्यास आशीर्वाद.

पहिली गोष्ट. तुझ्या पत्राची पानं तू टाचणीनं टाचलीस. मी तीस वर्षं टाचण्या उपटते आहे. टाचणी गंजते, गंज कागद खातो, आणि शंभर वर्षांनी माझ्यासारखी एखादी बाई शिव्या घालत बसते. पानं दोऱ्यानं शीव, गाठ आतल्या बाजूला घे. हे पत्र उघडताना बघून ठेव. नाटकं करायला वेळ आहे, तर एवढं शीक.

दुसरी गोष्ट. दुकान सोडलंस ते मला आधी मालकाकडून कळलं. त्याने तुझी पाण्याची बाटली माझ्याकडे पोचवली. माणूस खरंच भला आहे.

आता तुझा रखवालदार. त्याची फाईल आहे आमच्याकडे, जाडजूड. शहरात आगी लागत होत्या, तेव्हा त्याला तीन महिन्यांसाठी नेमलं. राहिला चौदा वर्षं. आगी लावणारे दुसऱ्याच महिन्यात सापडले होते. पण एक जळका दरवाजा त्याने चौकात उभा करून ठेवला, येता-जाता लोकांना दिसावा म्हणून. फाईलमध्ये एका रंगाऱ्याचा अर्ज आहे: ‘दरवाजाला काळे करण्यास यंदा उशीर झाला, माफी असावी.’ मी हसले, आणि मग हसू गेलं.

त्याने कुणाला मारल्याचा एक कागद नाही. सगळे हुकूम गोड आहेत. त्याची रोजनिशी लिहिणारा एक लेखनिक होता. त्याच्याबद्दलचा हुकूम मी पाठ केलाय: ‘कामाची निकड पाहता लेखनिकाच्या राहण्याची सोय इथेच करण्यात येत आहे.’ इथेच म्हणजे वरच्या मजल्यावर. त्यापुढे लेखनिकाच्या बायकोचे अकरा अर्ज लावलेत, दर वर्षी एक. नवरा घरी कधी येईल, एवढंच विचारलंय. उत्तर एकालाही नाही.

तळघरातला पाइप फुटून आमची दोन कपाटं भिजली. सुरक्षेची पाहणी करायला नवे साहेब आलेत. तात्पुरते आहेत म्हणे.

वेळेवर जेव.

आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्या,

बघ, शिवलंय. गाठ आत घेतली, बोटात सुई गेली, पान चारवर जो डाग आहे तो माझाच.

लेखनिकाचं मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, नाटकात जागा नाही त्याला, आधीच उंदीर जास्त झालेत. दरवाजाचं मात्र आवडलं. आता कातीवर मी रोज तेलाचा हात फिरवतो, चकाकावी म्हणून. लोक हसतात.

पण माझं अडलंय हातांपाशी. मुखवटा घातला की चेहरा गेला, उरले हात. मास्तर म्हणतात, तुझा मुंगूस पोस्टमनसारखा दिसतो, आता पत्र देईल असं वाटतं. सशीण करणारी ताई तर म्हणाली, ‘भिंग्या, तू मला घाबरवतोयस की पत्ता विचारतोयस?’ सगळे फिस्सकन हसले.

त्या माणसाचे हात काय करायचे, ते फाईलमध्ये कुठे आहे का? एखादी सवय. एखादं वाक्य. एवढं दे, मग मी तुझ्याकडे काहीच मागणार नाही. (हे मी आधीही म्हटलंय, माहीत आहे.)

इथे एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करतो. त्याच्याकडून काड्या वाकवायला शिकतोय. उगाचच.

भिंग्या


२ मार्च

चि. भिंग्या,

हवं ते पाठवते. कुठल्या पानावर सापडलं ते विचारू नकोस.

तो कधी आवाज चढवत नसे. तुमच्या खोलीत यायचा आणि तुमच्याच खुर्चीत बसायचा. तुम्हाला म्हणायचा, ‘बसा ना, आपलीच खोली समजा.’ मग तुम्ही आपल्याच टेबलाच्या पाहुण्याच्या बाजूला बसायचं. पाच मिनिटांनी तुम्हालाच वाटायला लागायचं की आपण काही मागायला आलोय.

बोलता बोलता तो समोरच्याचा बोरू उचलायचा आणि खिशातल्या छोट्या चाकूनं तासायला घ्यायचा. हळूहळू, फार मायेनं. तासत तासत विचारायचा: घरी कोण कोण असतं, शेजारच्या टेबलावरचे कुणाशी बोलतात. परत द्यायचा तेव्हा टोक सुईसारखं आणि बोरू अर्धा. तुम्ही म्हणायचं, आभारी आहे. पुढच्या वेळी उरलेला अर्धा. एक दिवस बोरू संपायचा, आणि त्या माणसाचं कामही. ‘तुमच्याकडे तर लिहायलाच काही नाही,’ असं म्हणायचा, खरंच वाईट वाटल्यासारखं.

कुणाचं नाव पटावरून खोडायचं असलं की म्हणायचा, ‘माझं काय, मी पाहुणा. तुमचं तुम्ही ठरवा.’ लोक ठरवायचे.

पुरे झालं ना?

इथे साहेबांची मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढली. माझ्या शेजारचं टेबल रिकामं झालंय.

आत्या


१९ मार्च

ती. आत्या,

तू जादूगार आहेस. तो मुंगूस उभा राहिला.

मी काय केलं, सशिणीच्या बिळात शिरतो आणि तिच्याच दगडावर बसतो. ‘बसा ना, आपलंच बीळ समजा.’ मग तिच्या हातातली वस्तू घेऊन तासायला लागतो. पहिल्या दिवशी बोरू घेतला, पण लोकांना कळेच ना. पुढच्या रांगेतला एक जण मोठ्यानं म्हणाला, बासरी करतोय का हा? म्हणून मी आपल्या डोक्यानं पेन्सिल केली. तशीच साधी, पिवळी. सशीण बिळात हिशेब लिहीत बसलेली असते, मी पेन्सिल घेतो, तासतो, परत देतो. आत्या, तीनशे माणसं आणि फक्त चाकूचा आवाज. साल खाली पडली ती मला मुखवट्यात ऐकू आली.

प्रयोग संपल्यावर एक शिक्षक आले आणि म्हणाले, आमच्या शाळेत असाच एक होता. मग एक नर्स आली, तीही तेच म्हणाली. प्रत्येकाकडे एकेक आहे, असं दिसतंय.

आणि ऐक. ९ एप्रिलला आम्ही तुमच्या शहरात, टाउन हॉलमध्ये. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतो. उद्या इथून निघतोय, मधे पाच गावं आहेत, पत्ता सारखा बदलेल. तेव्हा आता एकदम भेटूच.

ट्रकला नवीन क्लच बसवला. मी छत्रीची काडी वापरून आणखी एक गंमत केलीय, ती भेटल्यावर दाखवतो.

भिंग्या


२४ मार्च

भिंग्या,

हे थिएटरच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथे कुणी तुझा पुढचा पत्ता ठेवला असेल आणि हे वेळेत पोचेल, एवढीच आशा.

मी खोटं लिहिलं. रखवालदाराचे हात कसे होते हे कुठल्याही कागदावर नाही. तू मागितलंस तेव्हा फाईल माझ्याकडे नव्हतीच, साहेबांनी मागवून नेली होती. ती त्यांच्या टेबलावर असते. ते ती नुसती वाचत नाहीत, अभ्यास करतात, पानांना खुणा लावतात. रिकाम्या हातानं तुला काय लिहू, म्हणून समोर जे रोज दिसतं ते लिहिलं. खुर्ची साहेबांची. वाक्यं साहेबांची. चाकू साहेबांचा.

आमच्याकडे जुन्या कागदांजवळ शाई न्यायला बंदी आहे, सगळे पेन्सिलनं लिहितात. म्हणूनच मी बोरू म्हटलं होतं. वाटलं, बोरू म्हटल्यावर कोण ओळखतंय. आणि तू आपल्या डोक्यानं पेन्सिल केलीस. तुझं डोकं चालू नये तेव्हा नेमकं चालतं.

दारातच त्यांनी काचेची पेटी ठेवलीय. आत पाण्यात भिजलेलं एक बाड आहे. पाइप दुरुस्त होऊन महिना उलटला, बाड अजून ओलं आहे. कोण ओलं करतं ते मला माहीत आहे, शिपायालाही माहीत आहे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.

टाउन हॉलचं पहिलं आमंत्रण साहेबांना गेलंय. आमची सगळी कचेरी येणार. पेन्सिल पाहिली की सगळे माना वळवून त्यांच्याकडे बघतील, आणि साहेब विचारतील की हे बाहेर कुणी सांगितलं. त्या दिवशी पेन्सिल काढू नकोस. पाठ धरली म्हण, ताप आला म्हण, दुसऱ्याला मुंगूस दे. कुणी विचारलं तर तुला आत्या नाही.

माझ्या पेन्सिलीला मी लाल दोरा गुंडाळलाय, दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून. काल त्यांनी ती पहिल्यांदा हातात घेतली. ‘दोरा छान आहे,’ म्हणाले.

आत्या


१० एप्रिल

ती. आत्या,

तुझ्या घराला कुलूप. खालची बाई म्हणाली, सोमवारपासून नाही. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवतोय. काल तुझी खुर्ची रिकामी राहिली, मी मुखवट्याच्या भोकांतून तीच बघत होतो. पत्ता सारखा बदलत होता हे कबूल, पण महिनाभरात तुझी एक ओळ नाही. रुसलीस का?

प्रयोग झाला, पण विचित्र झाला. पेन्सिल काढली तेव्हा नेहमीसारखी शांतता पडली, आणि मग मधल्या सात-आठ रांगा मला दिसायच्या बंद झाल्या. म्हणजे माणसं होती, पण चेहरे नव्हते. सगळ्यांनी माना खाली घातलेल्या. पुढच्या रांगेत एकच माणूस ताठ बसून बघत होता, आणि हसत होता. बरा वाटला, निदान एकाला तरी आवडतंय.

तो नंतर आत आला. मी मुखवटा काढून माझ्या पेटाऱ्यावर बसणार, तर तो आधीच पेटाऱ्यावर बसलेला. म्हणाला, ‘बसा ना.’ मी खाली सतरंजीवर बसलो. आत्या, मला तेव्हाही कळलं नाही. मी बसलो.

म्हणाला, ‘हातांचं काम फार सुरेख. हे पुस्तकात मिळत नाही. कुणी शिकवलं?’

मी म्हटलं, माझ्या आत्यानं. नाव सांगितलं, कचेरी सांगितली, वर तुझं कौतुक केलं की तीस वर्षं कागद जोडते. तो म्हणाला, ‘हो, त्यांचा हात फार बारीक आहे. काहीही फाटू देत नाहीत.’ मग मास्तरांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, खिशातून छोटा चाकू काढला, आणि बोलता बोलता तासायला लागला.

सशीण करणाऱ्या ताईचा हात माझ्या खांद्यावर होता. तो गार पडलेला मला शर्टातून कळला.

जाताना त्यानं पेन्सिल माझ्या हातात दिली. ‘माझी मुदत संपत आलीये,’ म्हणाला. ‘मी काय, तीन महिन्यांचा पाहुणा.’

हे नाटकातलं वाक्य होतं, की त्याचं?

मास्तर लगेच निघायचं म्हणतायत. मला काही सुचत नाहीये. कुठे आहेस ते कळव. पुढचा मुक्काम नदीपलीकडच्या गावात, शाळेच्या पत्त्यावर.

भिंग्या


२१ एप्रिल

चि. भिंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. माझी प्रकृती उत्तम आहे. कचेरीत जुन्या कागदांचे मोठे काम निघाले आहे. कामाची निकड पाहता माझ्या राहण्याची सोय इथेच करण्यात आली आहे. वरच्या मजल्यावरची खोली हवेशीर आहे.

साहेबांना तुमचे नाटक आवडले. त्यांची मुदत लोकांच्या आग्रहावरून वर्षभर वाढली, त्या निमित्ताने कचेरीच्या आवारात प्रयोग व्हावा अशी त्यांची इच्छा आहे. मंडळींसह जरूर यावे. सर्वांच्या राहण्याची सोय होईल.

तुला प्रयोगात उपयोगी पडावी म्हणून साहेबांनी सोबत एक भेट पाठवली आहे.

काळजी नसावी.

तुझी
आत्या


२ मे

ती. आत्या,

तुझं पत्र मिळालं. दोन पानं. अक्षर तुझं, पण ती पानं टाचणीनं टाचलेली होती. नवी, चकचकीत टाचणी. मी ती अंगठ्यानं चाचपत शाळेच्या पायरीवर किती वेळ बसलो, मला सांगता येणार नाही. मग पाकीट उलटं केलं आणि भेट हातात पडली. बोटाच्या पेराएवढी पेन्सिल. टोक सुईसारखं. मागच्या टोकाला लाल दोऱ्याचे दोन वेढे, बाकीचे तासून गेलेले.

दुसऱ्या दिवशी तुझं चोवीस मार्चचं पत्र आलं. पाकिटावर पाच गावांचे शिक्के. ते प्रत्येक गावात आमच्या मागे एक दिवस होतं. मी सगळीकडून लवकर निघतो ना, म्हणून.

मास्तर म्हणाले, जाऊ नकोस, तो तुलाच बोलावतोय. मी म्हटलं, माहीत आहे. मंडळी गेली पुढे. मुखवटा त्यांनी मला दिला, पण मी आणला नाही. आता त्याचं काय काम.

मी तुझ्या कचेरीसमोरच्या बाकावर बसलोय. आजचा सहावा दिवस. एका जागी सहा दिवस, विश्वास ठेव. सकाळी दार उघडतं तेव्हा येतो, बंद होतं तेव्हा उठतो. हातात नवी पेन्सिल, मांडीवर कागद, आणि रोज एक अर्ज लिहून आत देतो: माझी आत्या घरी कधी येईल. त्या बाईनं वर्षाला एक दिला होता. माझ्याकडे वेळ जास्त आहे.

पहिले दोन दिवस लोक बाक टाळून जायचे. तिसऱ्या दिवशी तुमचा शिपाई विडी प्यायला आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘जेवते बाई. कमी जेवते.’ चौथ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या जागी नवा आहे. काल तुझ्या घरातली खालची बाई येऊन शेजारी बसली, विणकाम घेऊन. म्हणाली, घरी उकडतं. घरी काही उकडत नाही, मला माहीत आहे.

साहेब, हे पत्र आत्याच्या आधी तुम्ही उघडणार. मी दोऱ्यानं शिवलंय. परत शिवलंत तर गाठ आतल्या बाजूला घ्या, आणि टाचणी लावू नका. कागद खराब होतो.

आत्या, आत्ता हे लिहिताना साहेब खाली आले होते. थेट बाकापाशी. बाई जरा सरकली, ते माझ्या शेजारी बसले. म्हणाले, ‘रोज लिहिता, कौतुक आहे. बघू पेन्सिल.’ हात पुढे केला. हात स्वच्छ आहे, नखं कापलेली.

मी दिली नाही. म्हटलं, टोक केलेलं आहे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेन्सिलीकडे बघितलं, लांबी मोजल्यासारखं. मग हसले. ‘पुरेल,’ म्हणाले. ‘तीन महिने तरी.’ आणि आत गेले.

मी पुढची ओळ लिहायला घेतली. पण वर बघितलं तर तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खिडकीच्या गजाला लाल दोरा बांधलेला आहे. सकाळी नव्हता. मी डोळे बारीक करून बघतोय. गाठ दिसत नाही, म्हणजे आतल्या बाजूला असणार.

उद्याही इथेच आहे.

भिंग्या